वार्धक्याचें मोजमाप

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या आरंभीं, वृद्धजनदिनीं, पवित्र मिस्सेनंतर केलेलें भाषण)



रोवणीचे दिवस असतां, पाऊस अंगावर घेत आपण एवढ्या संख्येनें आलांत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतों. जुलै महिन्याचा चौथा रविवार हा श्रीसभेनें आजीआजोबा व वृद्धजन यांचा दिवस म्हणून नेमिला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं ३१ जानेवारी २०२१ रोजीं त्याची घोषणा केली व त्याच वर्षीं २५ जुलैस तो प्रथम पाळण्यांत आला. प्रभूचे आजोबा-आजी संत योवाकीम व संत आन्ना यांचा सण २६ जुलैस असतो, त्याच्या सान्निध्यामुळें हा रविवार निवडला गेला. आपला महोत्सवही याच रविवारीं आरंभावा असें समितीनें ठरविलें, तें योग्यच झालें.

समितीनें आमच्याकडे एक लहानसें काम सोपविलें होतें. साठ वर्षें पूर्ण झालेल्या सर्व बांधवांस शाल व श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करावा, आणि त्यांची यादी आम्हीं करून द्यावी, इतकेंच तें काम. बाप्तिस्म्याच्या वह्या देवळाच्या कपाटांत आहेतच. परंतु वह्या उघडून पाहूं लागलों तों असें दिसलें कीं, मोठेपणीं बाप्तिस्मा घेतलेल्यांचें जन्मसाल अंदाजानें घातलेलें आहे. आणि आधारपत्रें पाहावीं तर कित्येकांचा जन्म एक जानेवारीस झालेला! कारकुनास तारीख हवी असते, म्हाताऱ्यास आठवतो तो एकादा पूर किंवा एकादें लग्न. मग दोघांच्या तडजोडींतून एक जानेवारी निघते. शिवाय या भागांतील माणसांनीं राज्यें किती पाहिलीं तें पाहा. १९४५ च्या सुमारास येथें जन्मलेला मनुष्य मध्यप्रांत व वऱ्हाडांत जन्मला, १९५० नंतर मध्यप्रदेशांत वाढला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत गेला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला आणि १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्ह्यांत पडला. आणि एवढ्या प्रवासांत त्यानें आपली खाट अंगणांतून हलविली नाहीं. त्याच्या कागदांवर कागद जुळत नाहींत यांत नवल तें काय?

असो. यादी कशीबशी झाली. पण वय कळलें म्हणजे काय कळलें? आमच्या यादींत बाहत्तर वर्षांच्या दोन बायका एकाखालीं एक आल्या आहेत. एक चैत्रांत पहांटे टोपली घेऊन मोह वेचावयास रानांत जाते व उजाडतांना भरल्या टोपलीनें परतते. दुसरीनें गेल्या पावसाळ्यापासून घराचा उंबरठा ओलांडलेला नाहीं. दोघींस एकच शाल! या ओळीवर आमची लेखणी थांबली, आणि वार्धक्य मोजावयाचें तर तें कशानें मोजावें, या प्रश्नानें आम्हांस घेरलें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

मोजणें ही गोष्टच पुष्कळांस रुचत नाहीं. "माणूस म्हणजे काय धान आहे, कीं पायलीनें मोजावा?" असें समितींतील एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. त्यांच्या बाजूस शास्त्राधार नाहीं असें नाहीं. दावीद राजानें प्रजेची गणती करविली तेव्हां देवाचा कोप झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. पण अरण्यांत मोशेनें गणती केली ती देवाच्याच आज्ञेनें, आणि आपल्या तारणाऱ्याचा जन्मही एका खानेसुमारीच्या धामधुमींतच झाला. तेव्हां मोजणारा कशासाठीं मोजतो, इकडे पाहिलें पाहिजे. संत लूक यांस परंपरा वैद्य मानते. मंदिरांतील वृद्ध हन्नेविषयीं त्यांनीं काय काय टिपून ठेविलें आहे पाहा: ती कोणाची कन्या, कोणत्या वंशांतली, लग्नानंतर किती वर्षें नांदली, आणि ८४ हा अंक. (मूळ ग्रीक शब्दरचनेवरून हीं ८४ वर्षें तिच्या वयाचीं कीं वैधव्याचीं, याविषयीं टीकाकारांत मतभेद आहे, दुसरा अर्थ घेतला तर बाई शंभरीच्या पलीकडे जाते. सेमिनरींत असतांना या एका अंकावर आम्हीं सबंध तास वाद घातल्याचें स्मरतें.) परंतु अंक सांगून संत लूक थांबत नाहींत. ती मंदिर सोडीत नसे, उपास व प्रार्थना करीत असे, आणि बाळ दृष्टीस पडतांच जो भेटेल त्यास ती त्याच्याविषयीं सांगूं लागली, हेंही ते लिहितात. वय, घरची स्थिति, दिनचर्या आणि लोकांत वावर: एका वृद्धेविषयीं जें विचारावें तें सर्व त्या दोनतीन ओळींत आलें आहे.

आजचे विद्वान हेंच अधिक बारकाईनें करितात. १९६३ सालीं अमेरिकेंत डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनीं सहा गोष्टींचें माप बसविलें: स्नान, वस्त्रें नेसणें, शौचास जाणें, खाटेवरून उठणें-बसणें, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हातानें जेवणें. या क्रमांत एक मर्म आहे. आजारांतून उठणाऱ्या म्हाताऱ्यास या शक्ति साधारणतः ज्या क्रमानें परत मिळतात, तो क्रम तान्ह्या मुलास त्या येण्याच्या क्रमाशीं जुळतो, असें त्यांना आढळलें. आधीं घास तोंडांत घालतां येतो, अंघोळ सर्वांच्या शेवटीं. पुढें १९६९ सालीं लॉटन व ब्रॉडी यांनीं आठ कामांचें दुसरें माप केलें: दूरध्वनि वापरणें, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणें, प्रवास, औषधें वेळेवर घेणें, पैशाचा व्यवहार. गंमत अशी कीं, मूळ मापांत पुरुषांस स्वयंपाक, घरकाम व धुणें विचारीत नसत. त्यांचे गुण पांचांपैकीं. हा नियम करणाऱ्यांनीं आपल्याकडचे विधुर पाहिले नव्हते, एवढेंच आम्ही म्हणतों. बायको गेल्यावर चूल पेटवितां न येणें ही पुरुषाची केवढी मोठी असहायता असते, हें आम्हीं घरोघर पाहिलें आहे.

आणखी एक परीक्षा १९९१ सालची. वृद्धानें खुर्चीवरून उठावें, तीन मीटर चालावें, वळून परत यावें व बसावें; घड्याळ लावून किती वेळ लागतो तें पाहावयाचें. परीक्षा सुटसुटीत आहे व पडण्याचा धोका कोणास आहे याची कांहीं कल्पना तिनें येते. पण ती खुर्चीपासून सुरू होते, आणि आपल्या घरांत आजी बसते ती भुईवर किंवा पाटावर. भुईवरून उठणें हें खुर्चीवरून उठण्याहून किती अवघड! पुढच्या बांकांवरील मंडळींस विचारा. मिस्सेंत गुडघे टेकल्यावर उठतांना त्यांची काय अवस्था होते तें आम्हांस वेदीवरून दिसतें.

मापें परक्या भूमीवर आणलीं म्हणजे अशी अडचण येतेच. जाणते लोक तीं बदलून घेतात. स्मरणशक्तीची जी परीक्षा अमेरिकेंत १९७५ पासून चालत आली होती, तींत कागदावर एक वाक्य लिहावयास सांगत. ज्यानें आयुष्यांत अक्षर गिरविलें नाहीं त्याचे गुण तेथेंच जाणार, मग त्याची बुद्धि कितीही तल्लख असो. म्हणून हरियाणांतील बल्लभगड येथें संशोधकांनीं निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठीं या परीक्षेचें हिंदी रूप तयार केलें व १९९५ सालीं तें प्रसिद्ध केलें. मनाच्या खिन्नतेसाठींही वृद्धांची एक स्वतंत्र प्रश्नावली आहे, आणि तींत झोप व भूक यांविषयीं मुद्दाम विचारीत नाहींत. कारण म्हातारपणीं झोप उडते ती दुःखानेंच उडते असें नाहीं. आयुष्य रिकामें वाटतें काय, टाकून दिल्यासारखें वाटतें काय, असे साधे 'होय-नाहीं'चे प्रश्न असतात.

आपल्या देशाचें सर्वांत मोठें मोजमाप मुंबईस देवनार येथील लोकसंख्या-विज्ञान संस्थेनें परदेशांतील दोन विद्यापीठांच्या साह्यानें केलें. २०१७-१८ सालीं पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसांच्या घरीं जाऊन त्यांच्या हाताची पकड, चालण्याचा वेग, श्वासाचा जोर, रक्तदाब, स्मरण, मिळकत, नातेवाईक, समाधान, सर्व कांहीं टिपलें, आणि तीच माणसें कांहीं वर्षांनीं पुन्हा पाहावयाचीं असा संकल्प केला. अहवाल जानेवारी २०२१ मध्यें निघाला. २०११ च्या खानेसुमारींत साठीपुढील लोक १० कोटींच्या वर होते. २०५० पर्यंत ते सुमारें ३२ कोटी होतील असा त्यांतील अंदाज आहे. वृद्धांपैकीं शेंकडा ७५ जणांस कोणता ना कोणता जुनाट आजार, शेंकडा ४० जणांस कांहींतरी व्यंग, आणि पांचांत एकाचें मन आजारी, असें त्यावेळीं शासनाकडून सांगण्यांत आलें. पांचांत एक! आतां ज्या पांच बांकांवर वृद्ध बसले आहेत, त्यांपैकीं एक सबंध बांक समजा.

आतां आम्ही आपणांस घराजवळच नेतों. सालेकसा तालुक्यांत, दरेकसा स्टेशनाच्या बाजूस, मैकल पर्वताच्या रानांत कचारगडची गुहा आहे. तें तीर्थ आपलें नव्हे. तें आपल्या गोंड बांधवांचें आहे, आणि आम्ही तेथें जातों तें शेजाऱ्याच्या नात्यानें. त्यांची कथा आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. काली कंकालीचीं तेहतीस मुलें त्या गुहेंत कोंडलीं गेलीं व तोंडावर प्रचंड शिळा बसली. जंगो रायताड हिनें त्यांची काळजी वाहिली, पारी कुपार लिंगो यांनीं सुटकेचा मार्ग काढिला, हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीतानें अंगांत बळ संचरलें व शिळा सरली. पण त्याच शिळेखालीं हिरासुका सांपडून प्राणास मुकला. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो, आणि तसाच तो बदलावा. नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं लिंगोची गोंडी गाथा तोंडीं ऐकून उतरून ठेविली होती. ते १८६३ सालीं वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढिले. ते आपल्या श्रीसभेचे नव्हते, परंतु त्यांच्या या कामाबद्दल आदर बाळगावयास कांहीं हरकत नाहीं. त्या गाथेंतील काचीकोपा लोहागड म्हणजे हाच कचारगड, असें डॉक्टर मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनीं मानिलें आहे.

माघी पौर्णिमेस तेथें महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा प्रांतांतून गोंड समाज लोटतो. धनेगांवाहून पिवळीं पागोटीं डोंगराकडे निघतात. या गर्दींत म्हातारीं माणसें मुबलक असतात, आणि तीं केवळ दर्शनास आलेलीं नसतात. गोंडांत चार, पांच, सहा व सात देवांचे गट आहेत. सारख्या देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाहीं. कोणतें कूळ कोणत्या गटांतलें, याचा निर्वाळा वृद्ध देतात. मुलाचें लग्न ठरविणारा बाप अशा यात्रेंत म्हाताऱ्यापुढें येऊन बसतो, कारण म्हाताऱ्याच्या शब्दावांचून त्याचें पाऊल पुढें पडत नाहीं. आपल्या सीमेवरील छत्तीसगडी बोलींत वडीलधाऱ्यास 'सियान' म्हणतात, आणि सियान म्हणजेच शहाणा. शब्दच दोहोंसाठीं एक.

गेल्या माघांत चढाच्या पायथ्याशीं एक वृद्ध गृहस्थ दगडावर बसलेले आम्हीं पाहिले. गुडघे गेलेले, वर चढणें त्यांस शक्य नव्हतें. तीन मीटरांच्या परीक्षेंत ते खास नापास झाले असते. पण वर जाणारा-येणारा प्रत्येकजण "सेवा जोहार" म्हणून थांबे, कूळ सांगे, गांव सांगे, कोणाचा कोण तें विचारी, आणि ते उत्तर देत. आमच्या सोबतच्या एका तरुणानें त्यांच्याशीं बोललेल्या माणसांची संख्या बोटांवर धरावयास आरंभ केला व थोड्याच वेळांत सोडून दिला. हें कोणत्या मापांत बसवावयाचें?

अर्थात् यात्रेचा दिवस वर्षांतून एकदां येतो, हें आम्ही विसरत नाहीं. पौर्णिमा सरली म्हणजे तो वृद्ध आपल्या गांवीं जातो, आणि तेथें काय स्थिति असते तें दरेकसा स्टेशनावर उभें राहिल्यास दिसतें. त्याच लोहमार्गानें तरुण मुलें नागपुरास, रायपुरास व त्याहून पुढें कामास जातात. गोंडांचीं जातात, आपलींही जातात. मागें दाराशीं एक कुलूप किंवा एक म्हातारी.

आणि येथें आम्ही त्या मापाकडे येतों ज्यानें आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लाविलें. युरोपांत २०१२ हें वर्ष कार्यशील वार्धक्याचें वर्ष म्हणून पाळलें गेलें, आणि संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगानें व युरोपीय आयोगानें मिळून कार्यशील वार्धक्याचा एक निर्देशांक तयार केला. त्याचे २२ घटक. त्यांचे चार विभाग: नोकरीधंदा, समाजांतील सहभाग, स्वतंत्र निरोगी व निर्धोक जीवन, आणि त्यासाठीं लागणारी शक्ति व परिस्थिति. पहिल्या दोन विभागांस शंभरांपैकीं प्रत्येकीं ३५ भार, तिसऱ्यास १०, चौथ्यास २०. नातवंडें सांभाळणें त्यांत मोजलें जातें, आजारी वृद्धाची शुश्रूषा मोजली जाते, परोपकाराचें काम मोजलें जातें; हें पाहून आम्हांस समाधान वाटलें. पण नोकरीधंदा मोजतांना ५५ ते ७४ वर्षांचे किती लोक कामावर आहेत हें पाहतात. मोह वेचणाऱ्या आजीस 'तुम्ही काय काम करतां' असें कोणी पुसलें तर 'कांहीं नाहीं, घरींच असतें' असें ती म्हणेल, आणि कोष्टकांत शून्य पडेल. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचा ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें छापून निघाला तेव्हां ते सुमारें ६७ वर्षांचे होते. साष्टीच्या मुलखांत सारें आयुष्य घालवून, परकी भाषा आपली करून त्यांनीं सुमारें ११ हजार ओंव्या रचिल्या. त्यांच्या त्या कामास कोठला पगार होता?

याहून मोठा प्रश्न तिसऱ्या विभागांत आहे. पंचाहत्तरीपुढील माणूस एकटा, किंवा फक्त पतिपत्नी मिळून राहत असतील, तर युरोपच्या हिशेबांत तो गुण वाढविणारा घटक आहे: स्वतंत्र राहणें जमतें, म्हणून. आपल्याकडे पंचाहत्तरीपुढील आजी एकटी राहते असें ऐकलें कीं आपण जिभेनें चुकचुक करितों. तीच वस्तुस्थिति, तेथें अधिक, येथें उणें. आम्हांस प्रथम वाटलें कीं आपलाच हिशेब बरोबर. मग गेल्या वर्षभरांतल्या पहिल्या शुक्रवारांच्या फेऱ्या आम्हीं आठवूं लागलों. घरीं खिळलेल्यांस ख्रिस्तशरीर देण्यासाठीं आम्ही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं जातों, हें आपण जाणतां. एका वाडींत एक विधवा एकटीच राहते. मुलाचें घर हांकेवर आहे, सून बोलावते, ती जात नाहीं. "माझी चूल माझी आहे," म्हणते. शेजारच्या पोरी तिच्याकडे गोधडी शिवावयास शिकतात व दुपारभर हंसण्याचा आवाज येतो. दुसऱ्या एका घरांत आठ माणसें नांदतात आणि आजोबांची खाट मागच्या पडवींत, धानाच्या पोत्यांजवळ. त्यांचें ताट तेथेंच जातें. आम्ही गेलों कीं घरांतील सर्वजण आमच्याशीं बोलतात. आजोबा पाप-निवेदनाच्या वेळीं आमचा हात धरतात तो सोडीत नाहींत. आतां सांगा, एकटें कोण? कोष्टकांतलें "कुटुंबांत राहतो" हें घर त्यांच्यापुढें खूण करून मोकळें होईल. एकटें राहणें व एकाकी असणें हीं दोन वेगळीं आहेत, आणि युरोपचें माप व आपली चुकचुक या दोहोंसही त्यांतला भेद दिसत नाहीं.

समाधान मोजण्याची एक अगदीं सोपी युक्ति १९६५ सालीं हॅड्ली कँट्रिल नांवाच्या संशोधकानें सांगितली. शिडीचें चित्र दाखवावयाचें. सर्वांत वरची पायरी म्हणजे उत्तमोत्तम आयुष्य, तळ म्हणजे अगदीं वाईट. आपण कोणत्या पायरीवर आहां? ही शिडी आम्हीं कांहीं घरीं कागदावर काढून दाखविली. बहुतेकांनीं नम्रपणें मधल्या पायरीवर बोट ठेविलें. आपल्या लोकांस देवाची तक्रारही नको व स्वतःची बढाईही नको. एका आजीनें मात्र बराच वेळ चित्र न्याहाळलें आणि विचारलें, "खालीं शिडी कोण धरून आहे, तें काढलें नाहीं काय?"

जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं कार्यशील वार्धक्याचे तीन आधार सांगितले होते: आरोग्य, सहभाग व सुरक्षितता. २०१५ च्या अहवालांत ती एक पाऊल पुढें गेली. रोग किती हें न मोजतां, माणसाला जें करावेंसें मोलाचें वाटतें तें त्याला करतां येतें काय हें पाहावें, असें तिनें म्हटलें. आणि ही करण्याची क्षमता निम्मी शरीरांत असते तर निम्मी भोंवतालांत. ('निम्मी' हा शब्द आमचा, त्यांनीं असा वाटा पाडलेला नाहीं.) २०२१ ते २०३० हें दशक याच कार्यासाठीं नेमिलें आहे. आजीच्या त्या प्रश्नाचें उत्तर या विचारांत आहे असें आम्हांस वाटतें. आपल्या देवळाच्या दाराशीं तीन पायऱ्या आहेत व त्यांस कठडा नाहीं. ज्यांस मिस्सेस येतां येत नाहीं ते 'अशक्त' म्हणून आमच्या वहींत नोंदलेले आहेत. त्यांतले किती खरोखर अशक्त व किती केवळ कठड्याच्या अभावीं घरीं, हें कोणी पाहिलें आहे? तीच गोष्ट पैशाची. श्रावणबाळ योजनेचें वेतन २०२३ सालीं मासिक १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झालें, आणि ही मदत मोलाची आहे. पण जन्मभर चिखलांत रोवणी केलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र अंगठा ओळखीत नाहीं, आणि वृद्ध रिकाम्या हातीं परततो, किंवा पासबुक दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळा होतो. कोष्टकांत 'उत्पन्न आहे' असें लागेल. तें कोणाच्या मुठींत आहे तें लागणार नाहीं.

'कार्यशील' या शब्दाचें एक भयही आम्हांस वाटतें, तें बोलून दाखविलें पाहिजे. म्हाताऱ्यानें कांहीं ना कांहीं करीतच राहावें, नाहीं तर तो कमी, असा हुकूम त्यांतून निघूं नये. ज्याचें अंग लुळें पडलें, ज्यास नांवें आठवत नाहींत, त्याचे गुण किती धरावयाचे? वृद्ध शिमोनानें मंदिरांत काय केलें? बाळाला हातांवर घेतलें, देवाचे आभार मानले व निरोप मागितला. गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभारणाऱ्या संत जान ज्यूगां यांनीं १८३९ च्या हिंवाळ्यांत फ्रान्सांतील सें-सर्व्हां गांवीं एका अंध विधवेस घरीं आणून आपली स्वतःची खाट तिला दिली. पुढें संघांतच त्यांस बाजूस सारण्यांत आलें. १८५२ पासून १८७९ सालीं देह ठेवीपर्यंत, सत्तावीस वर्षें, त्या कोणताही अधिकार न घेतां राहिल्या; भोंवतालच्या कित्येक तरुण भगिनींस या आपल्या संस्थापिका आहेत हें ठाऊक नव्हतें. त्या वर्षांत त्यांचें माप कोणी घेतलें असतें तर काय निघालें असतें? श्रीसभेनें त्यांस २००९ सालीं संतपद दिलें. पोप फ्रान्सिस यांनींही २०२२ सालीं बुधवारच्या उपदेशांत वार्धक्य हाच विषय कित्येक महिने चालविला, आणि त्यांतले कितीएक उपदेश पंचाऐंशी वर्षांच्या त्या वृद्धानें चाकांच्या खुर्चींत येऊन केले.

आतां समितीपुढील प्रश्न. महोत्सव-निधींतून देवळाच्या जागेंत वृद्धाश्रमाची इमारत बांधावी, अशी एक सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतु शुद्ध आहे. ज्यांस कोणीच नाहीं त्यांच्यासाठीं असे आश्रम हवेतच, आणि धर्मभगिनी ते किती प्रेमानें चालवितात हें सर्वांस माहीत आहे. परंतु आपल्या यादींत कोणीच नाहीं असे किती, पडवींत पडलेले किती, आणि फक्त एक कठडा हवा असलेले किती, हें कळण्याआधीं विटा आणूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. इमारत उभी राहिली कीं ती भरावीशी वाटते, आणि पडवींतल्या खाटा तेथें आणून टाकणें फार सोपें होईल.

शाली वाटण्यास आमची ना नाहीं. मात्र त्या या मांडवांत न देतां घरीं नेऊन द्याव्यात, व नेणाऱ्यांनीं सोबत एक कागद न्यावा, अशी आमची सूचना आहे. कागदावर डॉक्टर मंडळींचे सहा प्रश्न राहूं द्यात. ते उपयोगाचे आहेत, आणि उत्तरावरून कोणास दवाखान्यांत न्यावें हें कळेल. त्यांखालीं आम्हीं आपले कांहीं घातले आहेत. काल तुमच्याबरोबर जेवावयास कोण बसलें होतें? उद्यां तुम्ही अंथरुणांतून उठलां नाहींत तर घरांतलें किंवा गांवांतलें कोणतें काम अडेल? या दुसऱ्या प्रश्नावर आमचा फार भर आहे. कोणी म्हणेल, शेळीचें दूध. कोणी म्हणेल, नातवाची शाळा. कोणी म्हणेल, संध्याकाळची जपमाळ माझ्यावांचून सुरू होत नाहीं. 'कांहीं अडणार नाहीं' असें उत्तर आलें तर तें मोठ्या अक्षरांत लिहावें. मग पासबुक कोणाजवळ असतें. कोठें जावेंसें वाटतें पण जातां येत नाहीं. आणि शेवटचें तुम्हांस सल्ला विचारावयास कोण आलें होतें, व कशाबद्दल. कचारगडच्या पायथ्याशीं बसलेल्या त्या गृहस्थांस हा शेवटला प्रश्न केला असता तर कागद अपुरा पडला असता.

प्रश्न आजोबांस विचारावयाचे, मुलास किंवा सुनेस नव्हे. त्यांस ऐकूं येत नसेल तर जवळ जाऊन मोठ्यानें. ज्या घरीं भुईवर बसतात तेथें भुईवर बसावें. भाकर पुढें आली तर खावी. ज्यांस बोलतां येत नाहीं त्यांच्याजवळ कागद न उघडतां थोडा वेळ बसून यावें, व ते घर आम्हांस सांगावें. तेथें आम्ही स्वतः जाऊं. भरलेले कागद आमच्याजवळ राहतील. समितीस फक्त आंकडे मिळतील, नांवें नाहींत. हीच पाहणी पुढच्या वर्षीं याच दिवसांत पुन्हा करावयाची आहे, कारण एकदां घेतलेल्या मापावरून कोण चढला व कोण उतरला हें कळत नाहीं. वृद्धाश्रमाचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

युवक-मंडळाच्या बारा जोड्या ठरल्या आहेत. प्रत्येक जोडींत एक मुलगा व एक मुलगी, शक्यतों भाऊबहीण. रोवणी आटोपतांच, ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारीं मिस्सेनंतर त्या निघतील. दूरच्या वाड्यांसाठीं मोटारसायकली लागतील. ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं जातां जातां देवळाच्या सेवकाजवळ नांव द्यावें. कठड्यासाठीं लोखंड आलें आहे व सुतार-लोहार मंगळवारीं कामास लागतील. तोंवर पायऱ्यांवर पाणी सांचतें. आतां उतरतांना पुढच्या बांकांवरील मंडळींस आधीं जाऊं द्यावें, व मागच्यांनीं त्यांचे हात धरावेत.